जनूभाऊंचा व्हरांडा

जनूभाऊंविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी त्यांचा विषय काढला की त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे आणि मी तिथेच थांबायचो. आता माझंही वय झालं. पुढचंही सांगून टाकतो.

जनूभाऊ वर्तकांच्या ओठांत दिवसभर एक सिगारेट असे आणि ती कधीच पेटलेली नसे. बोलताना ती वरखाली हले. नवखा माणूस काडीपेटी पुढे करी. भाऊ हात जोडत. "नको राव. पेटली की ती मालक. अशी असली की मी मालक." संध्याकाळपर्यंत ती ओली होऊन लोंबायला लागे. मग ती कचऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी नवी. तरुणपणी त्यांनी भरपूर ओढली होती. सोडली तेव्हापासून हा प्रकार.

वसईत कोर्टाजवळ आमच्या ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. मी सचिव. भाऊ ड्रेसर, म्हणजे जखमा धुणं-बांधणं त्यांच्याकडे. २००८ साली सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला बंदी करणारे नवे नियम येऊ घातले होते. ते लागू व्हायच्या आत दवाखान्यात सिगारेट सोडवण्याचं केंद्र उघडायचं, असं ट्रस्टने ठरवलं. डॉक्टरांनी तक्ते मागवले. मी फलक रंगवून घेतला. भाऊंनी सांडोरच्या आपल्या वाडीतून सोपटाचे भारे आणून टाकले. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. वाडीवाले तिच्या दोऱ्या काढून भाजीच्या जुड्या बांधतात.

"हे कशाला?" मी विचारलं.

"साहेब, तलफ छातीत नसते, बोटांत असते. बोटांना काम द्या."

उद्घाटनाची वाट न पाहता त्यांनी व्हरांड्यात बाकडं टाकलं. तलफ आली की तिथे येऊन बसायचं आणि सोपट फाडून दोऱ्या काढायच्या, एवढाच इलाज. वकील, टायपिस्ट, रिक्षावाले शेजारी शेजारी बसायला लागले.

रिक्षावाला आंतोन कुरकुरायचा, "जनूभाऊ, बायको विचारते, रिक्षा चालवतोस का जुड्या बांधतोस?"

"सांग तिला, सध्या तुलाच बांधून ठेवलाय."

वसईतल्या होळी नावाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाया त्या दोऱ्या उचलून न्यायच्या. एकीने तक्रार आणली, "वकिलांच्या दोऱ्या लगेच तुटतात हो!" भाऊंनी ती अगदी गंभीर चेहऱ्याने वकिलांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवसापासून वकील मान खाली घालून काम करू लागले.

केंद्र भाऊंच्याच हाती द्यायचं, हे जवळजवळ ठरलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी कशाचं प्रमुख केलं नव्हतं. उद्घाटनासाठी त्यांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला होता, आणि शिंपी उशीर करतो म्हणून रोज त्याच्या दुकानात जाऊन बसत होते.

उद्घाटनाच्या आधी जिल्ह्याच्या गावाहून एक डॉक्टरबाई पाहणीला आल्या. ड्रेसिंगच्या खोलीमागे, हात धुवायच्या नळाजवळ, त्यांना सिगारेटचं थोटूक दिसलं. अजून धुमसत होतं. सगळ्यांनी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं.

ते मी टाकलं होतं. केंद्राचा फलक रंगवून घेणारा मी, मागे जाऊन चोरून ओढत होतो.

"तुम्ही ओढता?" बाईंनी भाऊंना विचारलं.

भाऊंनी ओठांतली सिगारेट काढून मुठीत धरली. माझ्याकडे पाहिलं. वासात त्यांचं नाक कधी फसत नसे. मी बोलेन म्हणून ते जरा थांबले. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. सचिवच ओढतो म्हटल्यावर केंद्र उघडण्याआधीच बंद झालं असतं, हे त्यांना कळत होतं.

"चूक झाली, बाई," भाऊ म्हणाले.

केंद्र दुसऱ्याच्या हाती गेलं. व्हरांड्यातलं बाकडं उचललं. भाऊंनी नोकरी सोडली.

काही महिन्यांनी मी सांडोरला गेलो. भाऊ एकटेच होते. बायको वारलेली, मुलगी सासरी. त्यांनी अंगणात खुर्ची दिली. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून म्हटलं, "व्हरांड्यातली मंडळी भेटायला येत असतील ना?"

"छे! सुटली की कोणी फिरकत नाही. मला बघून तिची आठवण येते." ते हसले. "अडलेलाच माणूस येतो. तुम्ही आलात, बरं वाटलं."

"भाऊ, त्या दिवशी मी..."

"शेवटची कधी ओढली?" त्यांनी मला मध्येच तोडलं.

"आज सकाळी. पण आता सोडलीच समजा."

"मग आज काही बोलू नका. सोडताना सुरुवातीला माणूस रडतो, पाया पडतो, काहीही कबूल करतो. ते धरायचं नसतं. पुरती सुटू द्या, मग या. मी ऐकेन."

त्यांनी चहा केला. चहानंतर तलफ जोर करते म्हणून मला एकट्याला सोडेनात. एसटीच्या थांब्यापर्यंत आले आणि वाटभर वाडीतल्या केळींबद्दल बोलत राहिले. बस हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे होते.

वसईला उतरलो आणि पहिल्याच टपरीवर सिगारेट पेटवली.

मग कोणत्या तोंडाने जाणार? सुटली की जाऊ, असं दर वेळी म्हणत राहिलो. सुटायला कितीतरी वर्षं गेली. शेवटी खरंच सुटली, तेव्हा सांडोरला जायला निघालो आणि नाक्यावर आंतोन भेटला.

"भाऊंकडे? साहेब, भाऊ तर गेले. पावसाळ्याआधीच."

त्याच्याच रिक्षातून घरी आलो. त्यालाही काही बोललो नाही.

भाऊ, ते थोटूक माझं होतं. मला माफ करा.