कप्तानाचा हातमोजा

मेलेला माणूस परत येत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. त्याला आजवर एकच अपवाद आढळला आहे, तो म्हणजे ज्याच्या चित्रपटाला गर्दी झाली असा माणूस. हा अपवाद नीट समजावा म्हणून आपण बार्शीटाकळी तालुक्यातल्या देवमनचे उदाहरण घेऊ. उदाहरण अवघड नाही. सावकाश वाचले तर कोणालाही समजेल.

देवमन भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याला झेंडू. अमरावतीच्या गजेंद्र नावाच्या दिग्दर्शकाला उजाड ग्रहावर उभा राहून चक्कर न येणारा नायक हवा होता. (मुंबईचे दोन नायक मूर्तिजापूरच्या फलाटावर उतरले, मे महिना पाहिला आणि त्याच गाडीने पुढे निघून गेले.) अशा रीतीने देवमन अंतराळवीर झाला. ‘शेवटचा ग्रह’ हा चित्रपट चालला. शेवटचा ग्रह चालल्यामुळे त्याच्यापुढे आणखी एक ग्रह असणे भाग पडले आणि ‘शेवटचा ग्रह : दुसरा’ निघाला. तिसऱ्या चित्रपटाचे नाव ‘शेवटचा ग्रह : अखेर’. त्यात यानातला प्राणवायू कमी पडतो. इतरांना तो पुरेल म्हणून कप्तान, म्हणजे आपला देवमन, स्वतः दार उघडून बाहेर पडतो आणि चंदेरी हातमोजा घातलेला हात हलवत अंधारात लहान लहान होत जातो. अकोल्याच्या चित्रपटगृहात त्या दिवशी दिवे लागल्यावरही बराच वेळ कोणी उठले नाही.

आमच्याकडे माणूस आवडीचा असला की त्याच्या तेरवीत, म्हणजे तेराव्याच्या जेवणात, काही कमी पडू देत नाहीत. देवमनच्या गावातल्या चाहता मंडळाने कप्तानाची तेरवी केली. मांडव टाकला. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी असा बेत ठेवला. चार गावचे लोक आले. वाढायला माणसे कमी पडली म्हणून वरणाची बादली देवमननेच घेतली. शेवटच्या पंगतीत तोही बसला. लोकांनी त्याला आग्रह करकरून वाढले, कारण मृतात्म्याच्या नावाने कोणाला उपाशी पाठवू नये.

इथवर सगळे रीतसर झाले. अडचण पुढे आली. मूर्तिजापूरच्या डोमाजींची मुलगी हर्षा हिच्याशी देवमनचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाले होते. डोमाजी मोकळ्या विचारांचे गृहस्थ. त्यांनी देवमनच्या अंगणात बसून, त्याच्या हातचा चहा पिऊन सांगितले,

“पोरगा जित्ता हाये, थे मले दिसून राहिलं. पन चार गावचे लोक त्याची तेरवी जेवून गेले. आता पत्रिका घेऊन मी कोनाच्या दारी जाऊ? लोक म्हनतीन, डोमाजीले भोवळ आली.”

चाहता मंडळाचे अध्यक्ष किसनराव शेजारीच बसले होते. त्यांनी तात्त्विक मुद्दा मांडला. “आमी जेवलो ना भाऊ. आता याले जित्ता म्हनाव, तं त्या जेवनाचं का करावं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. (अजूनही नाही. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत तो पहिला विषय असतो.)

शेवटी डोमाजींनीच वाट काढली. “जिथं मेला, तिथंच जित्ता व्हय. पडद्यावर वापस ये. सगळ्याईनं पाह्यलं का दुसऱ्या दिवशी मांडव.”

अट वाजवी होती. शिवाय नेमकी त्याच सुमारास मालिकेची घोषणा झाली होती. नाव ‘शेवटचा ग्रह : त्यानंतर’. वेळ रोज संध्याकाळी साडेसात. देवमन तडक अमरावतीला गेला. तिथे कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये यान उभे केले होते. रुई कोंबायच्या खोलीत नियंत्रण कक्ष होता.

“मी वापस येतो ना, गजेंद्रभाऊ?”

“येशीन ना! तुझ्यासाठीच तं मालिका काढली,” गजेंद्र म्हणाला. “पण मालिकेत कोणी एकदम येत नसते बाबू. आधी हात येते.”

पहिल्याच भागात चंदेरी हातमोजा घातलेला हात यानाच्या दारावर आला आणि त्याने दार वाजवले. इथे मुले हमखास एक प्रश्न विचारतात. अंतराळात हवा नाही, मग आवाज आत ऐकू कसा आला? असे विचारणाऱ्या मुलाला कधीही गप्प बसवू नये. त्याला सांगावे की, बाळा, जाहिराती लागण्याच्या आधी क्षणभर आवाज ऐकू येतो. उरलेल्या वेळी विज्ञानाचे नियम लागू असतात.

दार वाजल्यावर यानातली सगळी मंडळी दचकली. एकेकाचा चेहरा तीन वेळा दचकला. कप्तानाची बायको पैठणी नेसून दाराकडे निघाली. पोळ्याला ती अर्ध्या वाटेवर होती. दसऱ्याला तिला चक्कर आली. दिवाळीत तिने कडीला हात लावला, तेव्हा गावात फटाके फुटले. कप्तान तोवर बाहेर प्राणवायूशिवाय उभा होता. त्याच्या तब्येतीबद्दल कोणी चौकशी केल्याची नोंद नाही.

देवमनला महिन्यातून एकदा अमरावतीला बोलावत. तिथे त्याच्या हाताचे कोपरापर्यंत चित्रीकरण होई. उरलेला देवमन खुर्चीवर बसून राही. त्याची आई पार्बताबाई रोज साडेसातला हात पाहायची.

“हात तं चांगला दिसून राहिला पोराचा,” ती म्हणे. “जेवत असन.”

मग वाहिनीने लोकशाही मार्गाने प्रश्न सोडवायचे ठरवले. कप्तानाने परत यावे का, यावर प्रेक्षकांचे मत मागवले. मोबाइलवर दोन पर्याय होते : ‘होय’ आणि ‘होय, पण पुढच्या आठवड्यात’. दर आठवड्याला दुसरा पर्याय प्रचंड बहुमताने निवडून आला. एकाही प्रेक्षकाने कप्तान येऊ नये असे मत दिले नाही, यावरून त्याच्यावर लोकांचे किती प्रेम आहे ते कळते.

एका संध्याकाळी हर्षाने वडिलांना मत देताना पाहिले. त्यांनी स्वतःच्या फोनवरून दिले, मग तिच्या आईचा फोन घेतला.

“बाबा! थो आला का लग्न, असं तुमीच म्हनले ना? मंग हे दुसरं बटन काहून दाबून राहिले?”

“अवं, पन आला का मालिका संपन ना,” डोमाजी म्हणाले. “मंग साडेसातले मी कराव का?”

हर्षा जागची हलली नाही. “हात तं आला ना वापस? पडद्यावर आला, सगळ्या जिल्ह्यानं पाह्यला. हात जित्ता हाये का नाई?”

“हाव, हात हाये. त्याच्यात वाद नाई.”

“मंग लग्नात नवरीच्या हातात का देतेत? हातच देतेत ना?”

डोमाजींनी विचार केला. तेवढ्यात जाहिराती संपल्या, म्हणून ते म्हणाले, “हाव, कर बाई.” वडिलांची संमती ती हीच. वधूपक्षाने ती ग्राह्य धरली.

पुढच्या रविवारी भर दुपारी मालिकेचा महाभाग होता. दार उघडणार, असे वाहिनीने जाहीर केले होते. हर्षाने लग्नाची तीच वेळ धरली आणि जागा धरली कौंडण्यपूर. (त्या गावच्या रुक्मिणीनेही वडीलधाऱ्यांच्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती, तेव्हा पूर्वीचा दाखला होता.) आमंत्रण सगळ्यांना दिले होते. आली पार्बताबाई, गुरुजी आणि एक अनोळखी गृहस्थ, ज्यांच्या मोबाइलला तिथे रेंज मिळत नव्हती. डोमाजींनी फोनवरून आशीर्वाद दिले आणि लग्नात तोच हात असावा, दुसरा चालणार नाही, एवढे बजावले. त्यामुळे देवमनने चंदेरी हातमोजा अमरावतीहून मागून आणून घातला होता. पार्बताबाईने मुलाला हळद लावली, ती त्या मोज्यालाही लागली.

शेवटचे मंगलाष्टक झाले. हर्षा हळूच म्हणाली, “मोजा काढ ना आता.”

देवमनने काढला. आतला हात घामेजलेला होता, नखांत वांग्याच्या वाफ्यातली काळी माती होती. गेल्या कित्येक महिन्यांत तो हात कोणी मागितला नव्हता. तिने तो पदराने पुसला आणि धरला. रेंज नसलेल्या गृहस्थांनी अक्षता टाकल्या.

हातमोजा अमरावतीला परत गेला. तो घालून देवमनने पुढच्या महिन्याचे काम केले आणि पडद्यावर बोटांपाशी पिवळा डाग दिसला. गजेंद्रच्या ते लक्षात आले नाही, प्रेक्षकांच्या आले. अकोल्यात चाहता मंडळाने दोन दिवसांचे चर्चासत्र घेतले. डाग गंधकाचा आहे, असे एका गटाचे म्हणणे पडले. दुसऱ्या गटाच्या मते ते परग्रहावरच्या फुलांचे पराग होते, म्हणजे कप्तान तिथे एकटा नव्हता.

पार्बताबाई वांग्याचे टोपले घेऊन अकोल्याच्या बाजाराला तिकडूनच चालली होती. ती दारात थांबली. “हळद हाये थे. माह्या देवमनच्या लग्नाची.”

किसनराव अदबीने उठले. “काकू, तुमाले मालिकेतलं नाई समजत,” ते म्हणाले आणि तिला बसायला खुर्ची दिली.

देवमन आणि हर्षा आता बार्शीटाकळीच्या बाजारात दुकान मांडतात. गिऱ्हाईक त्याच्याकडून वांगी घेते, वर मूठभर सांभार मागून घेते आणि जाताना हळहळते, “कप्तान आला पाह्यजे होता रे भाऊ.” देवमन म्हणतो, “हाव ना.”

धडा संपला. आता एक लहानशी चाचणी घेऊ, म्हणजे समजले की नाही ते कळेल. एका जिवंत माणसाचे लग्न अडले होते, ते झाले. ते वाचताना हर्षाने कोणती साडी नेसली होती, जेवायला काय होते, डोमाजी नंतर लेकीला भेटायला आले का, यातले काही तुमच्या मनात आले असेल तर तुम्ही उत्तीर्ण. आणि महाभागात दार उघडले की नाही, हे मी अजून सांगितले नाही म्हणून तुम्ही मघापासून खोळंबला असाल, तर संकोच नको. तुमचे मत नोंदवून घेतले आहे. दुसरा पर्याय.