पहिले सांड तपासा

मंगळवारी सकाळी वसंतकाका गेले.

ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यात ते शेजारी राहायचे. हाताला कागद लागला की त्यावर शुक्राणूचं चित्र काढायचे. डोकं, मान, शेपूट. गोल बाजारातल्या भांडेवाल्याच्या बिलावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर, एकदा तर सत्यनारायणाच्या आमंत्रणावर. गुरुजींना ते बेडकाचं पिल्लू वाटलं. काकांनी तिथंच खुलासा केला. गुरुजी प्रसाद न घेता गेले. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं सगळा मोहल्ला म्हणायचा. म्हणू दे.

काकांची नोकरी गुरांच्या वीर्यकेंद्रात होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते सांड पास-नापास करायचे. "गाय गाभण नाही राहिली तर आम्ही पहिले सांडाचा नमुना पाहतो," ते म्हणत. "माणसाच्या घरात काहून उलटं चालून राहिलं?"

आमच्या घरात उलटंच चाललं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष काही निघाला नाही, तरी सासूबाई माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी पाहू लागल्या. त्या मुलीचे वडील बैठकीत बसले असताना काका आत आले.

"वहिनी, पोट्ट्याचा रिपोर्ट कुठी आहे?"

"भाऊजी, काही लाज?"

"लाज कायची? सरकारनं मले जिंदगीभर याचाच पगार देल्ला."

"त्याच्यात काय खोट आहे? चांगला धडधाकट आहे!"

"सांडही धडधाकटच दिसते. शेपूट धड नसली तर अंड्यापर्यंत पोचत नाही. आन् मान बिघडली असंल, तर पोचूनबी गर्भ वाढत नाही. एका पेशीच्या दोनच होत नाहीत!"

मुलीचे वडील चहा अर्धा टाकून उठले.

त्या आठवड्यात नवऱ्याची तपासणी झाली. दोष त्याच्यात निघाला. सासूबाई देवघरातून बाहेर येईनात.

मी काकांचे आभार मानायला गेले. काकू तेव्हा हयात नव्हत्या. काकांनी हातातला कागद उलटा ठेवला.

"मी माहा नमुना पाहिला होता, पोरी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. एकही शेपूट हलत नव्हती. माय तुह्या काकूले वांझ म्हणत राहिली, मी गप. माय गेल्यावर तिले सांगितलं. ती म्हणे, मले माहीत होतं. त्या दिवशी केंद्रातून येऊन तुम्ही जेवले नव्हते."

आम्हाला मूल नाही. कोणी विचारलं तर उत्तर माझा नवरा देतो.