पुंजारामजी माती परत करतात

सकाळी सातला पंचाहत्तरीचे एक गृहस्थ डोक्यावर घमेलं घेऊन आमच्या दारात उभे. घमेल्यात ओली काळी माती. "घ्या बाबू, तुमची आहे," म्हणाले. कुंड्यांसाठी आणली असेल, असं समजून बायकोने त्यांना चहा दिला. चहा संपवून ते म्हणाले, "अजून तीन घमेले माती आहे तुमची."

हे पुंजारामजी. शहराच्या कडेला, बेसाच्या नव्या लेआउटमध्ये आमचं घर बांधणं चालू होतं आणि आम्ही शेजारच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. पाया खोदताना निघालेली माती मी रस्त्याकडेला ढीग करून टाकली होती. पाऊस आला की ती वाहत उताराच्या टोकाला जायची. टोकाला पुंजारामजींचं घर.

मेहेरबानी एकट्या माझ्यावर नव्हती. ज्याची माती त्याला पोचती करायची, हा त्यांचा नेम. चिमटीत चोळून, वास घेऊन ते मालक ओळखत. "हे डॉक्टरची. मुरूम आहे त्यात." एका वास्तुशांतीला तर ते पोतंभर माती घेऊन गेले आणि जेवूनही आले. "मातीले मालक असते, बाबू," हे त्यांचं पालुपद.

आता माझी अक्कल ऐका. बांधकामाची परवानगी देणाऱ्या कार्यालयात मी कारकून आहे. परवानगीपत्रावर अकरावी अट असते: खोदलेली माती झाकून ठेवावी, उताराच्या बाजूने अडवावी, नाल्यात किंवा विहिरीत जाऊ देऊ नये. ही अट मी झोपेतही म्हणून दाखवीन. माझ्याच प्लॉटच्या कागदावर शिक्का मीच मारला होता.

पुंजारामजींनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून मला वाचून दाखवला.

"हे तुमच्याच हापिसातलं ना?"

"हो. छापील असतं ते."

"मंग वाचलं काहून नाही?"

ऑफिसात वाचायला वेळ कुठे मिळतो, असं मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

त्यांनी उपायही सांगितला. ढिगावर ताडपत्री, खालच्या अंगाला मुरमाच्या पोत्यांची रांग आणि नालीच्या तोंडाशी खड्डा, म्हणजे गाळ तिथेच बसेल. मी म्हणालो, उद्या करतो. आमच्या खात्यातला उद्या किती लांबचा असतो, हे मला ठाऊक होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. त्यानंतर दोन दिवस पुंजारामजी आलेच नाहीत. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, मग चुटपुट लागली. शेवटी मीच खाली गेलो.

परसात विहीर होती आणि तिचं पाणी दुधाच्या चहासारखं झालं होतं. पुंजारामजी चौपदरी धोतरातून ते गाळत होते, त्यात तुरटी फिरवत होते.

"हे पूर्ण लेआउट माहं वावर होतं, संत्र्याचं. प्लॉट पाडून विकलं. विहीर नाही विकली." ओसरीवर खाटेत त्यांची बायको पडली होती. तिच्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "तिले आता काही आठवत नाही. वावर आहे, असंच वाटते. पाणी गढूळ दिसलं का बांध फुटला म्हणते, उठून जायले पाह्यते. मागच्या बारी पडली. आता दोन दिवसांपासून गाळलेलं पाणीही पिऊन नाही राहिली, पह्यले बांध बांधा म्हणते."

"बोअरचं द्या ना."

"थुंकून टाकते."

मला स्वतःची लाज वाटली. माझ्या आळसापायी एक म्हातारी दोन दिवस तहानलेली होती, आणि तिचा नवरा मात्र मला इतके दिवस बाबू, बाबू म्हणत होता.

"कोण आलं जी?" खाटेवरून काकूंनी विचारलं.

"वरच्या वावरवाले आहे," पुंजारामजी म्हणाले.

काकूंनी मला नीट न्याहाळलं. "बांध तुमचाच फुटला का, भाऊ?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुठलीच चूक स्वतःवर घेतलेली नाही. फाइल नेहमी पुढच्या टेबलावर असते.

"हो काकू, माझाच फुटला. आत्ता जाऊन बांधतो."

"बांधा बाप्पा. खाली आमची विहीर आहे."

मग त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला आणि गाळलेलं पाणी सावकाश पूर्ण प्यायल्या. पुंजारामजी माझ्याकडे न बघता फावडं शोधायला गेले. त्यांना ते बराच वेळ सापडलं नाही.