भालेरावकाकांचं रेंज ऑफिस

भालेरावकाका कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी दाराची चौकशी करतात. बेल दाबायची सोडून ते चौकटीवर बोटाच्या पेरांनी टकटक करतात, कान लावतात, मग वीतभर खाली सरकून पुन्हा टकटक. डॉक्टर पाठ तपासतात ना, तसं. आतल्या माणसाला वाटतं कुणीतरी आलंय, म्हणून तो दार उघडतो, आणि समोर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कमरेत वाकून चौकटीला कान लावून उभे असतात. बी विंगमधल्या एका नव्या बिऱ्हाडाने तर वॉचमनलाच हाक मारली होती.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी सामान अजून टेम्पोतच होतं आणि काका आमच्या दाराला कान लावून उभे. मी शाळेत शिकवते हे त्यांना आधीच कळलं होतं. "बाई," ते गंभीरपणे म्हणाले, "हे दार नाही. भुसा आणि डिंक आहे. वर सनमायका मारलाय म्हणून दार म्हणायचं." एवढं सांगून ते कपाट उचलायला लागले. दुपारी त्यांच्या घरून आमच्यासाठी पिठलं-भाकरी आली. मला तो माणूस तिथेच आवडला, आणि मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची जन्मजात हौस असल्यामुळे मी त्यांचा पिच्छा सोडला नाही.

काका वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले होते. मात्र ही बातमी त्यांनी स्वतःला अजून कळवलेली नव्हती. सोसायटीच्या दोन विंगांना ते कक्ष एक आणि कक्ष दोन म्हणायचे, वॉचमनला बीटगार्ड म्हणायचे आणि सेक्रेटरींना तोंडावर साहेब आणि पाठीमागे 'वाळलेलं लाकूड' म्हणायचे. कंपाउंडमधल्या बदामाची एक फांदी केबलवाल्याने तोडली, तेव्हा काकांनी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून इस्त्रीवाला, दूधवाला आणि मी. केबलवाला बिचारा इतका घाबरला की त्याने महिनाभर सगळ्या विंगला दोन चॅनेल जास्त दाखवले.

त्यांचा खरा जीव होता तो बदलापूरच्या जुन्या रेंज ऑफिसात. कुळगाव मागे टाकून डोंगराच्या दिशेने गेलं की झाडीत इंग्रजांच्या वेळच्या काही इमारती उभ्या होत्या. काळ्या दगडाच्या जोत्यावरचं ऑफिस, त्याच्या बाजूला रेंजरसाहेबांचा बंगला, गार्डांच्या खोल्यांची चाळ, लाकडाची वखार, घोड्यांची पागा आणि एक विहीर. खातं तिथून केव्हाच स्टेशनजवळच्या सिमेंटच्या इमारतीत गेलं होतं. काकांची नोकरीतली बरीच वर्षं तिथे गेली होती, आणि त्याआधी त्यांचं बालपणही. "आमचे वडील रेंजरसाहेबांच्या बंगल्यावर होते," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. सांगताना मान जराशी वर जायची.

रविवारी ते ज्याला सवड असेल त्याला धरून तिथे न्यायचे. सवड नसेल त्यालाही न्यायचे. सोबत टॉर्च, पाण्याची बाटली आणि काकूंनी दिलेला डबा. तिथे पोचलं की काका मास्तर व्हायचे आणि आपण विद्यार्थी. "जोतं एवढं उंच का?" त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. आपण म्हणायचं, साप येऊ नयेत म्हणून. काका नकारार्थी मान हलवायचे. वाळवी? पुन्हा नकार. मग आपण हरलो की ते हळूच सांगायचे, "वाघ." पुढच्या रविवारी कुणी वाघ म्हटलंच, तर उत्तर वाळवी असायचं. मी लागोपाठ दोन रविवार गेले म्हणून मला हे कळलं.

"कारणाशिवाय कुणी खिळापण नाय ठोकत," हे त्यांचं पालुपद होतं. बंगल्याच्या व्हरांड्यातल्या खांबाला एक लोखंडी कडी होती. ती कशाला असेल, यावर त्यांनी आमच्या मिस्टरांना पाऊण तास उभं केलं. बिबट्याचं पिल्लू बांधायला, इथपासून सुरुवात होऊन गाडी हत्तीवर गेली. शेवटी भालेरावकाकू पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "अहो, रेंजरीणबाई त्याला कपड्याची दोरी बांधायच्या. मी स्वतः बघितलंय." काका म्हणाले, ते नंतर. मूळ कारण वेगळं असणार. काकूंनी डबा उघडला. संसारभर त्यांनी असे वाद डब्यावर मिटवले असावेत. लग्नात ह्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या असताना मांडवाचे खांब ठोकून पाहिले होते, असं त्यांनीच मला सांगितलं.

आता एवढा लाकडातला माणूस शेजारी असताना नणंदेच्या लग्नाचा पलंग आपण एकट्याने कसा घ्यायचा? आम्ही काकांना घेऊन उल्हासनगर कॅम्प दोनच्या फर्निचर बाजारात गेलो. दुकानदाराने प्रत्येक पलंगावर हात ठेवून शपथ घेतली. "साईं, प्योर सागवान है. झूठ निकले तो दुकान आपकी." काकांनी एकेक पलंग ठोकायला सुरुवात केली. डोक्याकडून, पायाकडून, आडवे होऊन खालून. बाहेर गर्दी जमली. दुकानदाराने चहा दिला, मग थंडा दिला, शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, लेना है के सुनना है?" काकांनी डोळे मिटून एका पलंगावर बोट ठेवलं. तोच घेतला. पहिल्याच पावसाळ्यात तो असा फुगला की खालच्या कप्प्याचं झाकण उघडेना, आणि नणंदेच्या सगळ्या गोधड्या दिवाळीपर्यंत आत अडकल्या. मी काकांना तिच्या घरी नेलं. त्यांनी ठोकलं, कान लावला, बराच वेळ लावला. "ह्याने मला फसवलं," ते म्हणाले. दुकानदाराने नव्हे, पलंगाने. त्या दिवसापासून त्या पलंगाशी त्यांनी बोलणं टाकलं.

असं सगळं मजेत चाललेलं असताना, एका सोमवारी काका आमच्याकडे आले आणि दाराला हात न लावता सरळ आत येऊन बसले. मी चहाचं आधण ठेवता ठेवता थांबले. जुन्या रेंज ऑफिसच्या सगळ्या इमारती मोडकळीला आल्यात, कौलं गळतात, कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदारी कोणाची, म्हणून त्या पाडून सागाचा लिलाव करायचं खात्यात चाललंय, असं त्यांना कळलं होतं. मी त्यांना धीर द्यायचा म्हणून म्हटलं, सरकारी काम आहे, दहा वर्षं तरी हलणार नाही. त्यांनी मान हलवली. लाकूड चांगलं असलं की सरकारी काम पण जोरात होतं, म्हणाले. आयुष्यभर लिलाव मीच तर केले.

पुढचे कित्येक महिने काका त्या इमारतींसाठी भांडले. त्यांनी एक बचाव समिती काढली. पहिल्या सभेला कांदाभजी असल्यामुळे वीसेक माणसं आली, दुसऱ्या सभेला मी, काकू आणि इस्त्रीवाला. ते दर आठवड्याला नव्या ऑफिसात जाऊन बसायचे. तिथे पवार मॅडम म्हणून तरुण रेंज अधिकारी नुकत्याच आल्या होत्या. आधी त्या काकांना टाळायच्या. मग एकदा सहज म्हणून त्यांच्याबरोबर तिथे गेल्या आणि जोत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी 'पावसाचं पाणी' असं दिलं. काका थबकले. त्यांना ते सुचलंच नव्हतं. तिथून दोघांचं जमलं.

तेवढ्यात लाकूड बघायला व्यापारी यायला लागले. एका रविवारी आम्ही पोचलो तर दोघेजण बंगल्याच्या खांबांवर टकटक करत होते आणि आपसात हळूच हसत होते. माल अस्सल होता. काका दुरूनच बघत राहिले. त्यांना कुणाला हाकलायचा अधिकार नव्हता. त्या दिवशी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी मॅडमनी कसं काय केलं कोण जाणे, पण वरून एवढं मिळवलं की एक इमारत राहील. तिची दुरुस्ती करून तिथे निसर्ग माहिती केंद्र करायचं. बाकीच्या जाणार. मॅडमनी हे फोनवर न सांगता काकांना तिकडेच बोलावलं. काकू आणि मी बरोबर होतो. मॅडमनी बंगल्याचा विचार पक्का केलेलाच होता. व्हरांडा मोठा, कौलांखालची नक्षीची पट्टी शाबूत, फोटो लावायला भिंती भरपूर. तरी काकांचा मान ठेवून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगाल तीच ठेवू. बंगलाच ना?"

काकांनी बंगल्याच्या खांबावरून हात फिरवला. बराच वेळ. मला वाटलं आता भाषण होणार. ते म्हणाले, "नको मॅडम. पागा ठेवा."

मॅडमना वाटलं काकांची गंमत चाललीय. मलाही तसंच वाटलं. ती पागा म्हणजे मागच्या बाजूची एक बुटकी, लांबट, अंधारी इमारत. ना व्हरांडा, ना नक्षी. जप्तीचं लाकूड आणि तुटक्या खुर्च्या तिथे वर्षानुवर्षं कोंबलेल्या. इतक्या रविवारी आलो, पण काकांनी तिच्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. काकू तर चिडल्याच. अहो, महिने न् महिने बंगला बंगला करून सगळ्यांची डोकी खाल्लीत, आणि आता घोड्यांची खोली?

काका पागेकडे चालायला लागले. मॅडमच्या माणसाने कुलूप काढलं आणि आम्ही आत गेलो. काकांनी टॉर्च सरळ टोकाच्या कोपऱ्यात मारला. तिथे दावणीच्या पलीकडे मातीचा एक पसरट उंचवटा होता, अर्धा ढासळलेला. आणि त्याच्यामागची भिंत छपरापर्यंत काळी.

"चूल?" मॅडमनी विचारलं. "घोड्यांच्या पागेत?"

"आमची," काका म्हणाले.

मग ते बोलले. नेहमीसारखं नाही, तुटक, मध्ये मध्ये थांबत. वडील रेंजरसाहेबांच्या घोड्याचे मोतद्दार होते. घोड्याला खाऊ घालायचं, खरारा करायचा, साहेब फिरतीवर निघाले की बरोबर पळायचं. गार्डांच्या चाळीत एक खोली रिकामी होती, पण चाळीतल्या लोकांना आमचं बिऱ्हाड भिंतीला भिंत लावून नको होतं. विहिरीवर पण नको होतं. साहेब म्हणाले, पागेत जागा आहे. दोन घोडे त्या टोकाला, आम्ही पाच माणसं ह्या टोकाला. "मी इथेच जन्मलो," ते म्हणाले. "पुढे धम्म घेतला, शिकलो, खात्यात लागलो, बदली होऊन परत इथेच आलो. तेव्हा चाळीतली तीच खोली मला क्वार्टर म्हणून मिळाली. तिला मी हेच सांगितलं, वडील बंगल्यावर होते. खोटं नव्हतं ते."

'तिला' म्हणजे काकूंना. काकू त्या चाळीत वर्षानुवर्षं राहिल्या होत्या, पागेच्या पुढून रोज पाण्याला गेल्या होत्या, आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दावणीला धरून उभ्या होत्या.

मॅडम म्हणाल्या की बंगला सुंदर आहे काका, लोकांना तोच आवडेल.

"आवडेल की. मला पण आवडतो," काका म्हणाले. "पण बंगला बघून कुणी काय विचारणार नाही, मॅडम. साहेब राहायचे म्हणतील, फोटो काढतील आणि जातील. इथे आलं की तुमच्यासारखं कुणीतरी विचारील, घोड्याला चूल कशाला."

पागा राहिली. बंगला त्या उन्हाळ्यात उतरवला. खांब ट्रकमध्ये चढत होते तेव्हा काका घरीच बसून होते, आणि आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

पागेचं काम संपत आलं तेव्हा आम्ही बघायला गेलो. नवी कौलं चढली होती, जमीन चोपून घेतली होती, ढासळलेली चूल काकूंनी स्वतः येऊन लिंपून दिली होती. आत चुना लावायचं चाललं होतं. तिन्ही भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या आणि रंगारी बादली घेऊन चुलीकडच्या भिंतीपाशी आला होता. काका पुढे झाले आणि म्हणाले, ही राहू दे. रंगाऱ्याला पटेना. एवढा काळा धूर तसाच ठेवला तर मॅडम मला ओरडतील, काम अर्धवट केलं म्हणतील, असं तो म्हणायला लागला.

"मॅडमला मी सांगतो," काका म्हणाले. "माझ्याकडे आईचा फोटो नाही. हा एवढाच आहे."

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. काकूंनी चपला दाराशी काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि त्या काळ्या भिंतीपुढे जाऊन वाकून नमस्कार केला.