खाटेला टकटक करणाऱ्या आपा

मुमताजआपा आजारी माणसाजवळ गेल्या की आधी खाटेवर बोटानं टकटक करायच्या. आमच्या गल्लीत दारं दिवसभर उघडी, कुणीही कुणाच्या चुलीपर्यंत सरळ जायचं. आपा मात्र खाटेशी थांबून विचारायच्या, "येऊ का?" समोरचा "या" म्हणेपर्यंत त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकदा लक्ष्मीकाकू दम्यानं बेजार होत्या, त्यांना पटकन बोलता येईना. आपा तशाच ताटकळत उभ्या. काकूंची सून म्हणाली, "त्यास्नी काय इचारायचं, आपा?"

"अंग त्यांचं हाय," आपा म्हणाल्या. "तुझं असतं तर तुला इचारलं असतं."

आपांची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर त्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि गल्लीतली सगळी म्हातारी माणसं आपल्याच वॉर्डात दाखल आहेत असं समजून चालायच्या. पांढरी साडी, काळी छत्री, पायात कॅनव्हासचे बूट. कुणी नेमलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. घरात शिरल्या की मोरी ओली आहे का बघायच्या, वाटेतलं पोतेरं पायानं बाजूला सारायच्या आणि मग म्हाताऱ्याच्या ज्या कानाला ऐकू येतं त्या बाजूला जाऊन बसायच्या.

आणखी एक खोड. म्हाताऱ्या माणसाला त्या 'आजोबा', 'आजी' म्हणत नसत. जन्मभर ज्यानं जे काम केलं तेच त्याचं नाव. लक्ष्मीकाकू 'मास्तरीणबाई', पलीकडचे शिंपी 'टेलरसाहेब'. "म्हातारं मानूस म्हंजे ल्हान पोर," असं कुणी बोललं की आपांचं डोकं फिरायचं. "पोराला अजून सगळं शिकायचं असतंय. ह्यांचं सगळं शिकून झालंय. दोन्ही येक कसं?"

माझे आजोबा, आमचे आबा, त्यांच्यासाठी 'ड्रायव्हरसाहेब'. आबांनी वर्षानुवर्षं चंदगडची एसटी चालवली. पावसाळ्यात पुढचा रस्ता दिसत नाही अशा घाटातून त्यांनी गाडी नेली, आणि घरच्या मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू चालवा. पण आबा खाटेवरून उठायलाच तयार नव्हते. खाणं कमी झालं, बोलणं कमी झालं. मग एका सकाळी भलतंच बोलायला लागले. आईला म्हणाले, "मागं सरका, गाडी सुटायची हाय." मला ओळखेनात.

आईनं डोळ्याला पदर लावला. निरोप गेले, आणि दुपारपर्यंत नेसरीहून आत्या आणि हातकणंगल्याहून चुलते येऊन खाटेभोवती बसले. कुणीतरी गंगाजळाची लोटीही काढून ठेवली.

आपा आल्या. टकटक केली. आबांनी मान हलवली, तेव्हा त्यांनी आबांची जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून सोडली आणि आईला विचारलं, "पानी किती पितात?"

"घोटभर. नकोच म्हणतात."

आपांनी सगळ्यांना बाहेर काढलं. आत्या हलेना, तिला म्हणाल्या, "पावणं, लांबनं आलायसा, जेवून जावा. पन ज्या कामाला आलायसा ते आज होनार न्हाय." मला तेवढं थांबवून घेतलं. मग चमचा-चमचा पाणी पाजत त्या आबांशी हळू आवाजात बोलत राहिल्या. बऱ्याच वेळानं आबा पुटपुटले, "पानी प्यालं की भांडं लागतंय. सून भांडं उचलती. बरं वाटत न्हाय."

एवढंच होतं. घाटात कुणाला वाट न सोडणारा माणूस सुनेला त्रास नको, आपली अब्रू जायला नको, म्हणून तहान मारत पडला होता.

आपांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी तपासून सलाईन लावलं आणि म्हणाले, "आपा म्हणतात तसंच करा." आपांनी खाटेभोवती दोरी बांधून चादरीचा पडदा केला आणि मला बाह्या वर करायला लावल्या. लघवीचं भांडं कसं द्यायचं, कूस कशी वळवायची, पाठीला लाली दिसते का कशी बघायची, सगळं मला शिकवलं. "तोंड वाकडं करू नका. आनि गप राहू नका. दुसरं कायतरी बोला, उसाचं बोला, पावसाचं बोला." मी आबांच्या पाठीला पावडर लावत उसाच्या भावावर बोलायला लागलो. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही भिंतीकडे बघत होतो. पुढं पुढं आबाच मला उसातलं काही कळत नाही म्हणून झापायला लागले.

दोन-तीन दिवसांत आबांचं बोलणं ताळ्यावर आलं. नेसरीची आत्या तांबडा रस्सा खाऊन परत गेली. आपा आता उठवायच्या मागे लागल्या. "ड्रायव्हरसाहेब, दुखतंय ते मला ठावं हाय. तरी उठा." आधी खाटेच्या कडेला बसणं, मग उभं राहणं, मग उंबरा. आबा शिव्या द्यायचे. आपा त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आवाज सुधारलाय."

दिवाळीच्या आधी आबा काठी टेकत गल्लीतून चालत निघाले. मी मागं होतो, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. बायका दारात आल्या, टेलरसाहेब मशीन थांबवून बाहेर आले. आबांनी मान इतकी ताठ धरली होती की नवी कोरी गाडी घेऊन निघालेत असं वाटावं. आईच्या चेहऱ्यावर तर असं तेज, जसं काही तीच चालत होती.

आबा थेट आपांच्या दारात गेले. आपा गडबडल्या. त्यांचं घर आम्ही कुणीच आतून बघितलं नव्हतं, कारण नेहमी त्याच यायच्या. खोलीत एक खुर्ची, फळीवर एक कप, एक ताटली. आपांनी आबांना खुर्ची दिली, कपातून चहा दिला, मला पाण्याच्या तांब्यातून दिला आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आजारी मानसाकडं लोक येतात," त्या सहज बोलावं तसं म्हणाल्या. "मी कधी आजारी पडले न्हाय. त्यामुळं..." वाक्य तसंच सोडून त्या साखर आणायला आत गेल्या. चहात साखर होती.

आबा दमले होते, तरी ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. परत येताना त्यांनी मला बाजारातून कपबश्या आणायला सांगितल्या, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी स्वतःच घेऊन निघाले. आपांनी दारातच झापलं, "काठी येका हातात असली की दुसरा मोकळा पाहिजे, किती येळा सांगितलं?" आणि पिशवी ओढून घेतली. आत बघितलं. सहा कप, सहा बश्या. एक कप काढून त्यांनी पदरानं पुसला. तो नवाच होता.

"बसा," म्हणाल्या आणि आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.