उजव्या हाताची नखं

मी एकदा मनात आणलं की ते शिकतोच. सायकल मी एका दुपारी शिकलो. तेलुगू धर्माबादच्या मावशीकडे दोन उन्हाळ्यांत शिकलो. आणि सेहेचाळिसाव्या वर्षी स्पॅनिश गिटार शिकायचं ठरवलं, तेव्हा सहा महिन्यांत चारचौघांत वाजवून दाखवतो, असं सासरी फोन करून सांगून टाकलं. त्या वेळी माझ्याकडे गिटार नव्हती. शिकायच्या आधी सांगून टाकणं ही माझी जुनी खोड आहे.

माझी सासुरवाडी लातूरची आणि त्या घरात कला नसलेला माणूस म्हणजे मी एकटा. सासरे आप्पासाहेब निवृत्त मुख्याध्यापक, ते पेटी वाजवतात. सासूबाई भारुडं म्हणतात, मेहुणा रुद्रेश तबल्यावर असतो, आणि माझी बायको सौदामिनी घोरते तेसुद्धा सुरात. बारसं असो, दिवाळी असो, पंगत उठली की मैफल बसते. मी सतरंज्या अंथरतो. मैफल संपली की त्यांच्या घड्या घालतो. एकवीस वर्षं हे चाललंय. मागच्या दिवाळीत एका पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मांडवाचं सामान तुमच्याकडेच मिळतं का? मी हसून वेळ मारून नेली, पण ते मला लागलं. फार लागलं.

म्हणून आप्पासाहेबांच्या पंच्याहत्तरीला आपण वाजवायचं, हे मी ठरवलं. स्पॅनिश गिटार एवढ्यासाठीच निवडली की त्या घरात त्यातलं कुणाला काही कळत नाही. चुकलं तरी सांगणार कोण!

गुरू नांदेडातच मिळाले. वजिराबादेत जहांगीरभाईंचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. तरुणपणी हैदराबादेत एका म्हाताऱ्या गोव्याच्या उस्तादांकडे ते ही गिटार शिकले. नायलॉनच्या तारा, डाव्या पायाखाली पाट, गिटार डाव्या मांडीवर. अंगठ्यानं खालचे सूर आणि तीन बोटांनी वरची चाल, म्हणजे एकाच माणसानं पेटी आणि गाणं दोन्ही सांभाळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वाजवूच दिलं नाही, नुसतं ऐकवलं. म्हणाले, "सर, हे वाद्य वरडत न्हाई. ऐकणाऱ्याला सरकून जवळ यावं लागतं." मला ते तेव्हा दुकानदारी बोलणं वाटलं. पण दोन-तीन आठवड्यांत काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी ऐकवलेली चाल माझ्या डोक्यातून जाईना. भाजी आणायला गेलो तरी पिशवीवर बोटं चालायची. सतरंज्यांचा सूड म्हणून धरलेली गिटार मला मनापासून आवडायला लागली.

शिकवताना जहांगीरभाई एकच सांगायचे, नजर डाव्या हातावर. मी नजर डाव्या हातावर ठेवली. उजव्या हाताचं ज्ञान मी मोबाईलवर मिळवलं. एका लांब केसांच्या परदेशी गृहस्थांनी त्यात बजावून सांगितलं होतं की उजव्या हाताची नखं वाढवा, त्यांना बारीक पॉलिशपेपरनं आकार द्या, नाहीतर आवाज येणार नाही. मी वाढवली. अंगठा आणि तीन बोटं, करंगळी सोडून. जहांगीरभाईंना दाखवली तर पेटीच्या भात्यातून मान वर काढून ते एवढंच म्हणाले, "वाढवले का? बरं हाय. ज्याचा त्याचा शौक."

आता इथं एक अडचण होती. मी शाळेत मास्तर आहे आणि शाळेत माझी ओळख एकच, ती म्हणजे नखं. दर सोमवारी आणि गुरुवारी परिपाठाला मी सगळ्या वर्गांची नखं तपासतो. खिशात दोरीला बांधलेलं नेलकटर असतं. माझ्या शिस्तीचा दाखला द्यायचा तर आमच्या मुख्याध्यापिका वैष्णवी मॅडम यांची मुलगी मनस्विनी, सहावी ब. मामाच्या लग्नासाठी तिनं नखं राखली होती. चार दिवसांवर लग्न आलं होतं, ती काहीतरी सांगायला लागली, मी ऐकून घेतलं नाही. अख्ख्या शाळेसमोर टक टक टक कापून टाकली. नियम म्हणजे नियम. मॅडमनीसुद्धा माझं कौतुक केलं आणि मी ते आठवडाभर मिरवलं.

अशा माणसानं चार नखं वाढवून फळ्यावर लिहायचं कसं? खडू धरला की नख फळ्यावर घासायचं आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी पोरं कानांवर हात ठेवायची. शेवटी एका सोमवारी शाळेच्या अलीकडे पेट्रोल पंपामागे स्कूटर थांबवली आणि उजव्या पंजाला पांढरी पट्टी गुंडाळली. संघपाल सरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, स्कूटरच्या स्टँडमध्ये बोटं आली. मॅडमनी विचारलं तेव्हा घाईत तोंडातून निघालं, दारात चेंगरली. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत बातमी पक्की झाली की सरांना एकाच दिवशी दोन अपघात झाले.

मग जे प्रेम उसळलं ते मला पेलवेना. मॅडमनी माझं पेपर तपासायचं काम काढून घेतलं. माझा फळा संघपाल सर लिहायला लागले, आपला विज्ञानाचा तास संपवून. इथपर्यंत मी सहन केलं. पण डबा खाताना एका हातानं भाकरी मोडेना, तेव्हा ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि भाकरी मोडून, ठेच्याला लावून माझ्या तोंडात घास द्यायला लागले. "तुमी नुसतं तोंड उघडा सर, मी हाय ना." रोज. पाच आठवडे. त्या माणसाच्या डोळ्यांत बघायची मला लाज वाटायची, आणि घास मात्र मी खात होतो.

पोरांनी लवकर बरे व्हा अशी कार्डं केली. मनस्विनीनं कार्ड दिलं आणि तिथंच उभी राहिली.

"सर, एक विचारू? उजव्या हाताला लागलंय ना तुमच्या?"

"हो."

"मग डाव्या हाताची नखं कोण कापून देतं? लई नीट कापलीत."

डाव्या हाताची नखं गिटारीसाठी बारीकच ठेवावी लागतात. मी घाम पुसत म्हणालो, घरी बाईसाहेब कापून देतात. ती बरं म्हणाली, पण माझ्या हाताकडे बघत बघतच गेली. पोरगी पुढे नक्की फौजदार होणार.

सौदामिनीला पट्टीचा पत्ता नव्हता. सकाळी पंपामागे बांधायची, संध्याकाळी पंपामागे सोडायची, पट्टी डिक्कीत. घरी बसून मी निवांत रियाज करायचो. दीड मिनिटाची जुनी स्पॅनिश चाल होती, ती आता बऱ्यापैकी बसली होती.

पंच्याहत्तरीला आठ दिवस उरले आणि आप्पासाहेबांचा फोन आला. सौदामिनीनं घेतला. फोनवर बोलताना तिची नजर माझ्यावर होती. मी पाटावर पाय ठेवून ऐटीत वाजवत होतो. फोन ठेवून ती शांतपणे माझ्यासमोर येऊन बसली. तिच्याकडून जे कळलं ते असं, की वैष्णवी मॅडम या आप्पासाहेबांच्या लातूरच्या विद्यार्थिनी. पंच्याहत्तरीचं निमंत्रण मिळालं म्हणून त्यांनी फोन केला आणि जावयाच्या हाताची फार काळजी व्यक्त केली. आप्पासाहेब हळहळले. लेकीनं एवढं मोठं दुखणं लपवलं म्हणून सासूबाई रडल्या. आणि मॅडम पंच्याहत्तरीला सहकुटुंब येणार होत्या.

"अहो," सौदामिनी म्हणाली, "पट्टी बांधून गेलात तर वाजवता येणार नाही. सोडून गेलात तर तोंड दाखवता येणार नाही. काय करून राहिले तुम्ही हे?"

एकवीस वर्षांत एकदा त्या घरात सतरंजीच्या दुसऱ्या बाजूला बसायचं होतं, एवढंच मागणं होतं माझं. मी पट्टी बांधून निघालो. वाटलं, काहीतरी होईल. माझे सगळे घोटाळे याच वाक्यापासून सुरू होतात.

रविवारी आम्ही लातूरला पोचलो. गुरू म्हणून जहांगीरभाईंना बोलावलं होतं, तेही माझी गिटार घेऊन आमच्याबरोबर एसटीनं आले. सासूबाईंनी माझ्या पट्टीवर हळद-कुंकू वाहायचंच काय ते बाकी ठेवलं. सतरंज्या त्या दिवशी रुद्रेशनं अंथरल्या. मी खुर्चीत बसून होतो आणि एवढं वाईट मला सतरंज्या उचलतानाही कधी वाटलं नव्हतं.

पेटी झाली, भारूड झालं. मग आप्पासाहेब उठले आणि म्हणाले की आमचे नांदेडचे जावई आज गिटार वाजवणार होते, पण दैवानं हात दुखावला. तरी सहा महिने या वयात शिकले, हेच मला भेट म्हणून पोचलं. असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. ते खोटं नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला.

मी उठलो, पुढे जाऊन बसलो आणि पट्टी सोडायला लागलो. सासूबाई नको नको म्हणत होत्या. पट्टीचा शेवटचा वेढा निघाला आणि चार लांब, आकार दिलेली, चकचकीत नखं सगळ्यांसमोर आली. पहिल्या रांगेतून आवाज आला.

"सर, नखं."

मनस्विनीच. मग मी काही लपवलं नाही. पंप, स्टँड, दार, संघपाल सरांचे घास, सगळं सांगून टाकलं. वैष्णवी मॅडमचा चेहरा बघवत नव्हता. आप्पासाहेब चष्मा पुसत सगळं ऐकून घेत होते. पस्तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस. त्यांनी विचारलं, की या मुलीची नखं तुम्ही लग्नाला चार दिवस असताना कापली होती, हे खरं का? म्हणजे मॅडमनी फोनवर तेही सांगितलं होतं. मी मान हलवली.

"रेणुकादासराव, नेलकटर असेलच खिशात. काढा."

मी दोरीसकट काढलं. आप्पासाहेबांनी ते मनस्विनीच्या हातात दिलं. मी शेवटचा आधार म्हणून सासूबाईंकडे पाहिलं, कारण दिवेलागणीला नख कापलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, अजून ऊन हाय, कापू दे.

टक. टक. टक. टक. सहा महिन्यांची मेहनत सतरंजीवर पडली. पोरीनं मात्र नीट कापली, कोपरेसुद्धा घासून दिले. मला ती माझ्याहून बरी मास्तरीण वाटली.

"आता वाजवा," आप्पासाहेब म्हणाले.

मी सांगितलं, नखाशिवाय आवाज येत नाही. ते म्हणाले, येईल तेवढा ऐकू. डाव्या पायाखाली पाट घेतला आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी सुरुवात केली. आवाज इतका हळू आला की मलाच वाकून ऐकावं लागलं. मागची माणसं पुढे सरकली. मग त्यांच्या मागची सरकली. रुद्रेशनं पंखा बंद केला. मध्ये दोनदा चुकलो, कुणाला कळलं नाही, किंवा कळूनही कुणी बोललं नाही. दीड मिनिट संपलं तेव्हा आप्पासाहेब माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेले होते. ते म्हणाले, "यात शब्द नाहीत ते बरंय. तुम्ही बोललात की घोळ होतो."

सगळे हसले, मॅडमसुद्धा. माणसं पुढे सरकून सरकून सतरंजीचा नुसता बोळा झाला होता. ती उचलायला मी सवयीनं वाकलो, तर दुसरं टोक आप्पासाहेबांनी आधीच धरलं होतं. त्या वेळी माझे डोळे भरून आले, हे मी कबूल करतो.

संघपाल सरांना मी एसटी स्टँडवरूनच फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्यापासून भाकरी तुम्ही मोडायची, माझी पण. मी कबूल झालो.

गाडीत जहांगीरभाई माझ्याशेजारी बसले होते. ते म्हणाले, "सर, आज पयल्यांदा खरा आवाज निघाला तुमचा."

मी म्हणालो, आज तर नखंच नव्हती.

"तेच तर. आमचे उस्ताद बगैर नाखूनच वाजवायचे. मी बी तसंच वाजवतो." आणि त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. पाचही बोटांची नखं मुळापासून कापलेली. सहा महिने ज्या हाताशेजारी मी बसलो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी कसंबसं विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"तुमी विचारलंच न्हाई. मला वाटलं, मास्तर माणूस हाय, काहीतरी नवस असंल."

पुढच्या सीटवर सौदामिनी हे सगळं ऐकत होती. ती हसायला लागली. अहमदपूरपासून लोह्यापर्यंत ती हसत होती, आणि तेही सुरात.