गुळाच्या पेठेतलं बंदर

समुद्र आमच्या कोल्हापुरापासून शंभर किलोमीटरच्याही पुढे, घाटाखाली आहे. तरीही आमच्या खालच्या मजल्यावरचे मल्लाप्पा अण्णा रोज सकाळी दारात उभे राहून भरतीची वेळ जाहीर करतात. "सर, आज पंचमी. पावणेचारला पाणी चढतंय." मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातून दुधाची पिशवी सुटली होती.

हिशेब तसा सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि अण्णांना पाऊणकी तोंडपाठ. मी एकदा गुपचूप मोबाइलवर ताडून पाहिलं. अण्णा जवळजवळ बरोबर निघाले. पुढचे दोन दिवस मला ते फार लागलं.

अण्णांच्या घराण्याचा शाहूपुरीत गुळाचा व्यापार. पणजोबांचा गूळ बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या बंदराला जायचा. मोठी गलबतं खाडीतून धक्क्यापर्यंत यायची ती अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणालाच. म्हणून आठवड्याच्या वाटेचा हिशेब धरून बैलांचा तांडा इथून सप्तमी-अष्टमीला हलायचा. आता ट्रक चार तासांत घाट उतरतो. पण अण्णा दुकानात बसत होते तोवर त्यांनी अष्टमीशिवाय मोठा माल भरू दिला नाही. गुजरातचा एक ड्रायव्हर त्यापायी चार दिवस ट्रकखाली पथारी टाकून पडला होता. अण्णांनी त्याला दोन्ही वेळ जेवू घातलं आणि सांगितलं, "पाणी चढू दे की." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. भाचीचं लग्न, घराचा रंग, दाताची कवळी, सगळं उधाण बघून.

दुपारी ते आतल्या खोलीत बायकोच्या खाटेशी बसतात आणि तिला धक्क्याच्या गोष्टी सांगतात. पार्वतीअक्का चार वर्षांपूर्वी पडल्या, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. खोलीची खिडकी जिन्याशी उघडते, त्यामुळे मलाही ऐकू येतं. काळ्या दगडाच्या पायऱ्या, मस्कतहून आलेला खजूर, ओल्या दोरखंडांचा वास. गुळाचा एखादा रवा, म्हणजे अख्खी ढेप, पाण्यात पडायचा आणि म्हणे तिथलं पाणी गोड व्हायचं, मासे चाखायला यायचे. मी वह्या तपासायच्या सोडून जिन्यात बसतो. उन्हं उतरतात, समोरच्या गोदामांच्या भिंती संथ हलताहेत असं वाटतं, आणि ताडपत्री बांधलेला टेम्पो कोपऱ्यावर वळला की क्षणभर शीडच दिसतं. मग तो हॉर्न वाजवतो.

गंमत म्हणजे अण्णांनी ते बंदर कधी पाहिलेलं नाही. मरायच्या आधी एकदा बघायचंय, हे सगळ्या गल्लीला माहीत. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात. चार वर्षांत मी सहा वेळा चला म्हटलं. दर वेळी पाण्याचंच काहीतरी आडवं यायचं. कधी भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती, कधी नदीला पूर.

यंदा मी हट्टालाच पेटलो. मार्गशीर्षातली पौर्णिमा गाठली, गाडी ठरवली. अक्कांजवळ माझी बायको दिवसभर बसणार होती. सकाळी सहाला खाली गेलो तर अण्णा स्वच्छ धोतर नेसून तयार, टोपी हातात. मला बघून त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "आज नको सर. पाणी बरोबर न्हाय."

माझा पारा चढला. पौर्णिमेला पाणी बरोबर नाही, हे भूगोलाच्या मास्तरला सांगतात! रागाच्या भरात मी लपवून ठेवलेलं बोलून गेलो. दिवाळीत मी एकटाच राजापूरला जाऊन आलो होतो. "अण्णा, धक्क्याशी नुसता गाळ आहे. गलबत सोडा, होडीसुद्धा लागत नाही. कसलं पाणी बघताय?"

अण्णांनी माझं मनगट धरलं. "हळू बोला. जागी हाय ती."

मला ओट्यावर बसवून ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गाळाचं मला ठावं हाय. आज्ज्याच्या वक्तालाच भरत आलतं. मला नुसत्या पायऱ्या बघायच्यात की. पर हिला वळवायचं, धुवायचं, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत न्हाय. लाजती. कुणाला सांगत न्हाय, दिवसभर तशीच पडून ऱ्हाती. तिच्यामुळं थांबलोय म्हटलं तर जेवायची न्हाय ती. पाण्यामुळं थांबलोय म्हटलं की तिला बरं वाटतंय."

मला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षं मी या माणसाला हेकट समजत होतो.

आतून अक्कांचा आवाज आला. "सर, न्या हो त्यांना. आज तर पुनव हाय. आज का निघंनात?"

अण्णांनी पुन्हा माझं मनगट धरलं. त्यांच्याजवळची कारणं संपली होती.

मी आतल्या खोलीकडे तोंड वळवलं. "अक्का, वारं उलटं आहे. पाणी खाडीच्या तोंडाशीच अडलंय. आज धक्क्याला काही लागायचं नाही."

अक्का आतून म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे. सरांना च्या ठेवा." त्यांना केवढं हायसं वाटलं होतं, ते आवाजातच कळलं.

अण्णा चहा ठेवायला आत गेले. मी बाहेर जाऊन गाडी परत पाठवली.